टिपण-अ‍ॅपमधील स्थानिक वेबपानांचे अंतःस्थापन

टिपण-अ‍ॅपमधील स्थानिक वेबपानांचे अंतःस्थापन म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर साठवलेली एचटीएमएल फाइल टिपणाच्या मजकुरातच एका चौकटीत उघडून दाखवण्याची पद्धत होय. येथे ‘स्थानिक’ हा शब्द प्रादेशिक या अर्थाने येत नाही. जी फाइल महाजालावरील सर्व्हरवरून न येता त्याच यंत्राच्या डिस्कवरून वाचली जाते ती स्थानिक फाइल. परस्परसंवादी आलेख, नकाशे, गणिती प्रात्यक्षिके आणि जतन केलेली लेखपाने टिपणाशेजारी ठेवण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

अंतःस्थापित पान टिपणाचा भाग असल्यासारखे दिसते. मात्र टिपणाच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा त्या पानाचा केवळ पत्ता असतो. त्यामुळे ते दिसत राहणे तीन गोष्टींवर अवलंबून राहते: पत्ता बरोबर असणे, अ‍ॅपने तो उघडण्यास मुभा देणे आणि पानाला लागणारी सर्व सामग्री पानातच असणे. शिवाय एचटीएमएल फाइल चित्राप्रमाणे निष्क्रिय नसते. तिच्यात जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला कार्यक्रम असू शकतो. म्हणून या पद्धतीत सोय आणि सुरक्षा यांचा प्रश्न नेहमी एकत्रच येतो.

## पूर्वपीठिका

एका दस्तऐवजात दुसरा दस्तऐवज जिवंत स्वरूपात दाखवण्याची कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा देणारे टेड नेल्सन यांनी मूळ मजकुराची प्रत न काढता तो दुसरीकडे प्रकट करण्याच्या क्रियेला ‘ट्रान्सक्लूजन’ असे नाव दिले. वेबपानात दुसरे पान बसवणारा ‘आयफ्रेम’ हा घटक डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० च्या शिफारशीत समाविष्ट झाला. चौकटीतील पानावर निर्बंध घालणारा ‘सँडबॉक्स’ आणि पानाचा संपूर्ण मजकूर चौकटीच्याच व्याख्येत लिहू देणारा ‘एसआरसीडॉक’ हे गुणधर्म पुढे एचटीएमएल ५ मध्ये आले.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्कडाउन या लेखनपद्धतीत साध्या मजकुरामध्ये एचटीएमएलचे घटक थेट लिहिण्याची मुभा सुरुवातीपासून होती. मार्कडाउन वापरणाऱ्या टिपण-अ‍ॅपमध्ये आयफ्रेमचा शिरकाव या वाटेने झाला. त्याच वर्षी जेरेमी रस्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या टिडलीविकीने याच्या उलट मार्ग धरला. तेथे संपूर्ण टिपणवहीच एका एचटीएमएल फाइलमध्ये असते आणि ब्राउझर हेच तिचे अ‍ॅप ठरते.

गिटहबने २०१३ मध्ये ‘अ‍ॅटम शेल’ या नावाने विकसित करण्यास आरंभ केलेली आणि २०१५ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ असे नामकरण झालेली चौकट या विषयात महत्त्वाची आहे. तिच्यात क्रोमियम ब्राउझर आणि नोड.जेएस हे एकत्र असतात. ऑब्सिडियन, जॉपलिन आणि लॉगसेक यांच्या संगणकावरील आवृत्त्या इलेक्ट्रॉनवर उभ्या आहेत. अशी अ‍ॅप मुळातच ब्राउझर असल्याने वेबपान दाखवण्याची क्षमता त्यांच्यात असतेच; ते दाखवू द्यावे की नाही, हा धोरणाचा प्रश्न असतो.

## उपयोग

दूरस्थ संकेतस्थळ चौकटीत बसवण्याऐवजी स्थानिक फाइल वापरण्याची तीन मुख्य कारणे आढळतात. पहिले, अनेक संकेतस्थळे ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ किंवा आशय सुरक्षा धोरणातील ‘फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स’ या निर्देशाद्वारे दुसऱ्या पानात स्वतःला बसवू देत नाहीत. हे निर्देश सर्व्हर पाठवतो. डिस्कवरील प्रतीसोबत ते येत नाहीत. दुसरे, मूळ पान हटवले किंवा बदलले गेले तरी प्रत टिकते. तिसरे, इंटरनेट जोडणी नसतानाही टिपण वाचता येते.

जतन केलेल्या लेखांखेरीज सॉफ्टवेअरने तयार केलेली पाने हा याचा मोठा स्रोत आहे. प्लॉटली या ग्रंथालयातून आलेख, फोलियममधून नकाशा आणि ज्युपिटरच्या एनबीकन्व्हर्ट साधनातून संपूर्ण गणनवही एचटीएमएल रूपात काढता येते. आलेखाचे चित्र टिपणात चिकटवल्यास तो केवळ दिसतो. एचटीएमएल रूपात बसवल्यास एखाद्या बिंदूवर कर्सर नेऊन त्याचे मूल्य पाहता येते आणि हवा तो भाग मोठा करता येतो.

## तांत्रिक घडण

### मूळ आणि समान-मूळ धोरण

ब्राउझरमधील सुरक्षेचा पाया ‘समान-मूळ धोरण’ हा आहे. पत्त्याचा आरंभीचा प्रकार, यजमानाचे नाव आणि पोर्ट या तिघांच्या संयोगाला त्या पानाचे ‘मूळ’ म्हणतात. २०११ च्या आरएफसी ६४५४ मध्ये ही संकल्पना नोंदवलेली आहे. एका मुळाचे पान दुसऱ्या मुळाच्या पानाला चौकटीत दाखवू शकते; परंतु त्याच्या आतील मजकूर वाचू शकत नाही.

डिस्कवरील फाइलच्या पत्त्यात यजमानाचे नाव सहसा रिकामे असते. त्यामुळे दोन फाइलींचे मूळ एकच मानावे का, हा प्रश्न दीर्घकाळ निरनिराळ्या ब्राउझरांनी निरनिराळ्या रीतीने सोडवला. क्रोमियम प्रत्येक स्थानिक फाइलला स्वतंत्र, ‘अपारदर्शक’ मूळ देतो. फायरफॉक्स एका फोल्डरमधील फाइलींना समान मुळाच्या मानत असे. डाउनलोड केलेले एखादे पान त्याच फोल्डरमधील इतर फाइली वाचू शकते, हा दोष ध्यानात घेऊन जुलै २०१९ मधील ६८ व्या आवृत्तीत ही सवलत बंद करण्यात आली.

### चौकट रिकामी का राहते

टिपण-अ‍ॅपचे स्वतःचे पान जर ‘फाइल’ या प्रकारच्या पत्त्यावर नसेल, तर क्रोमियम त्याला स्थानिक फाइल उघडू देत नाही. चौकट रिकामी राहते आणि विकासकांसाठीच्या कन्सोलमध्ये स्थानिक सामग्री उघडण्यास परवानगी नसल्याचा संदेश उमटतो. पत्ता बरोबर असूनही काहीच न दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

चौकट उघडली तरी आतील पान अपुरे चालू शकते. ‘फेच’ या आज्ञेने शेजारची माहिती-फाइल वाचण्याचा प्रयत्न किंवा जावास्क्रिप्टचे मॉड्यूल स्वतंत्र फाइलमधून आणण्याचा प्रयत्न अपारदर्शक मुळामुळे अडवला जातो. मूळ संकेतस्थळावर उत्तम चालणारा आलेख स्थानिक प्रतीत कोरा दिसतो तो यामुळे. सर्व माहिती आणि सर्व कार्यक्रम एकाच फाइलमध्ये असल्यास ही अडचण येत नाही.

## अंतःस्थापनाच्या पद्धती

डिस्कवरील संपूर्ण पत्ता. आयफ्रेमच्या ‘एसआरसी’ गुणधर्मात फाइलचा डिस्कवरील संपूर्ण पत्ता लिहिला जातो. अ‍ॅपने मुभा दिली तर ही सर्वांत सोपी रीत ठरते. तथापि पत्त्यात ड्राइव्हचे आणि वापरकर्त्याच्या खात्याचे नाव येत असल्याने टिपणसंग्रह दुसऱ्या संगणकावर नेताच तो तुटतो. मोबाइलवर तर असा पत्ता निरर्थकच असतो.

अ‍ॅपचा अंतर्गत पत्ता. इलेक्ट्रॉनच्या सुरक्षा-मार्गदर्शिकेत ‘फाइल’ या प्रकाराऐवजी अ‍ॅपने स्वतःचा पत्त्याचा प्रकार नोंदवावा, अशी शिफारस आहे. ऑब्सिडियन आपल्या संग्रहातील चित्रे व इतर फाइली दाखवण्यासाठी असा अंतर्गत पत्ता वापरते. तो अ‍ॅपच्या आतल्या कामासाठी असतो. त्याची रचना पुढील आवृत्तीत तशीच राहील असे आश्वासन नसते. त्यामुळे तो टिपणात हाताने लिहून ठेवणे जोखमीचे ठरते.

स्थानिक सर्व्हर. संगणकावरच एक छोटा वेब सर्व्हर चालवून फाइलला ‘लोकलहोस्ट’ या यजमानाखालील पत्ता दिला जातो. पायथनमध्ये असलेला साधा सर्व्हर ८००० या पोर्टवर चालतो. या मार्गाने पानाला खरेखुरे मूळ मिळते. फेच आणि मॉड्यूल दोन्ही चालतात. मात्र सर्व्हर बंद असताना चौकट रिकामी राहते. तसेच पायथनचा हा सर्व्हर विशेष सूचना नसल्यास यंत्राच्या सर्व जाळे-जोडण्यांवर उपलब्ध होतो. सार्वजनिक वाय-फायवर असताना तो फोल्डर इतरांनाही दिसू शकतो. म्हणून सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यापुरता मर्यादित ठेवणे आवश्यक असते.

मजकूर चौकटीतच लिहिणे. एसआरसीडॉकमध्ये संपूर्ण पान लिहिल्यास वेगळी फाइल लागत नाही. लहान प्रात्यक्षिकांना ही रीत योग्य असली तरी मोठे पान टिपणात ओतल्यास ते टिपण संपादनास अवघड होते. सँडबॉक्स न लावल्यास अशा चौकटीला बाहेरच्या पानाचेच, म्हणजे अ‍ॅपचे, मूळ लाभते. ही बाब सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर आहे.

प्लगइन. काही अ‍ॅपसाठी समुदायाने तयार केलेली प्लगइन एचटीएमएल फाइल वाचून तिचा मजकूर अ‍ॅपच्या आतून चौकटीत भरतात. येथे टिपणात सापेक्ष दुवा पुरतो. त्याबदल्यात टिपणाचे वाचन त्या प्लगइनच्या देखभालीवर अवलंबून राहते.

## निरनिराळ्या अ‍ॅपमधील स्थिती

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेले ऑब्सिडियन टिपणे साध्या मार्कडाउन फाइलींच्या रूपात वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवते. आयफ्रेमद्वारे संकेतस्थळ बसवण्याची सोय त्यात अधिकृतपणे आहे. मात्र चित्र, ध्वनी, चलचित्र किंवा पीडीएफप्रमाणे एचटीएमएल हा प्रकार त्याच्या अंतःस्थापनयोग्य फाइलींमध्ये धरला जात नाही. टिपणात थेट लिहिलेले ‘स्क्रिप्ट’ घटक ते काढून टाकते.

जॉपलिन जोडलेली फाइल स्वतःच्या साठ्यात घेते आणि टिपणात तिचा ओळखक्रमांक लिहिते. एव्हरनोटची टिपणे एक्सएचटीएमएलवर आधारलेल्या ईएनएमएल या स्वरूपात असतात. त्या स्वरूपात आयफ्रेम आणि स्क्रिप्ट हे दोन्ही घटक निषिद्ध आहेत. त्यामुळे वेबपान तेथे रूपांतरित मजकूर म्हणूनच येते. गिटहबची मार्कडाउन-आवृत्तीही आयफ्रेम गाळून टाकते. परिणामी एका अ‍ॅपमध्ये दिसणारे अंतःस्थापन तीच फाइल दुसरीकडे उघडल्यावर दिसेलच असे नाही. मार्कडाउनची वाहून नेता येण्याजोगी सुलभता आयफ्रेमपाशी संपते.

## सुरक्षा

साध्या ब्राउझरमध्ये संशयास्पद पान उघडल्यास ते सहसा ब्राउझरच्या कुंपणात राहते. इलेक्ट्रॉन-अ‍ॅपमध्ये त्याच कुंपणापलीकडे नोड.जेएस असते आणि त्याला डिस्कवरील फाइली वाचता व लिहिता येतात. या कारणास्तव इलेक्ट्रॉनने ५.० या आवृत्तीपासून पानांना नोड.जेएस देणे आपोआप बंद ठेवले आणि १२.० पासून पानाचे व अ‍ॅपचे कार्यक्षेत्र मुळातच विलग केले. मात्र हे पूर्वनिर्धारित पर्याय बदलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक अ‍ॅपला असते.

टिपणसंग्रहात दैनंदिनी, बँकेचे तपशील, आजारपणाच्या नोंदी असा अत्यंत खाजगी मजकूर असतो. चौकटीतील पानाला अ‍ॅपचेच मूळ मिळाले, तर ते पान हा मजकूर वाचून बाहेर पाठवू शकते. त्यावर मुख्य उपाय सँडबॉक्स हा आहे. रिकामा सँडबॉक्स जावास्क्रिप्ट, अर्ज भरणे आणि नव्या खिडक्या उघडणे हे सर्व थांबवतो. हव्या त्या सवलती एकेक करून द्याव्या लागतात. आलेखासाठी केवळ स्क्रिप्ट चालवण्याची सवलत पुरते. तिच्या जोडीला समान मुळाची सवलतही दिली आणि चौकटीतील पान अ‍ॅपच्याच मुळाचे असले, तर ते पान स्वतःवरील सँडबॉक्स काढून टाकू शकते. एचटीएमएलच्या मानकात या जोडीविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे.

सँडबॉक्समधील पानही चित्र मागवण्याच्या निमित्ताने बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधू शकते. जतन केलेल्या लेखातील जाहिरातींचे व मागोवा घेणारे घटक तसेच राहिले, तर टिपण उघडले जाण्याची वेळ त्रयस्थाला कळते. अशा पानातून स्क्रिप्ट काढून टाकणे, किंवा बाहेरील संपर्क बंद करणारे आशय सुरक्षा धोरण पानाच्या आरंभी ‘मेटा’ घटकात लिहिणे, हा त्यावरील इलाज आहे.

## स्वयंपूर्णता आणि टिकाऊपणा

‘स्थानिक’ म्हणून जतन केलेले पान पुष्कळदा अर्धेच स्थानिक असते. त्याची रूपरेषा, अक्षरसंच किंवा आलेखाचे ग्रंथालय दूरच्या सर्व्हरवरून येत असते. प्लॉटलीत फाइल काढताना ग्रंथालय आत भरावे की दुव्याने मागवावे, हे ठरवता येते. आत भरल्यास प्रत्येक फाइल काही एमबींनी वाढते. दुवा दिल्यास ती लहान राहते, पण जोडणीविना आलेख उमटत नाही. नकाशांच्या बाबतीत ही मर्यादा अधिक जाणवते, कारण नकाशाची पार्श्वभूमी असलेले चौकोनी तुकडे सामान्यतः दरवेळी सर्व्हरवरूनच येतात.

पान एकाच फाइलमध्ये बांधण्याच्या दोन रूढ रीती आहेत. १९९८ च्या आरएफसी २३९७ मध्ये वर्णिलेल्या ‘डेटा’ पत्त्यात चित्र वा अक्षरसंच बेस६४ रूपात पानातच लिहिला जातो. त्यामुळे त्या भागाचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. सिंगलफाइल हे ब्राउझर-विस्तारक ही रीत वापरते. दुसरी रीत १९९९ च्या आरएफसी २५५७ मधील एमएचटीएमएल ही असून तिच्यात पान आणि त्याची सामग्री ई-मेलच्या जोडपत्रांप्रमाणे एकत्र ठेवली जाते. टिपण-अ‍ॅपमध्ये चौकटीत दाखवण्यासाठी पहिली रीत अधिक सोयीची ठरते, कारण तिच्यातून निघणारी फाइल साधी एचटीएमएल असते.

## देवनागरी मजकूर असलेली पाने

मराठी पाने स्थानिक रूपात ठेवताना काही विशेष प्रश्न उद्भवतात. संकेतस्थळावरून येणाऱ्या पानाची अक्षर-सांकेतिकता सर्व्हर आपल्या शीर्षकात कळवू शकतो. डिस्कवरील फाइलला असे शीर्षक नसते. पानाच्या आरंभी यूटीएफ-८ अशी घोषणा नसल्यास ब्राउझरला अंदाज करावा लागतो. तो चुकला, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांची तीन असंबद्ध रोमन चिन्हे होऊन मजकूर अवाचनीय होतो. घोषणेची एक ओळ घातल्याने हा दोष दूर होतो.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास अक्षरसंचावर अवलंबून होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या त्या अक्षरसंचाविना अशा पानाची जतन केलेली प्रत वाचता येत नाही. तो अक्षरसंच पानातच बांधणे, किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, हे दोनच मार्ग उरतात. शोध घेता यावा यासाठी दुसरा मार्ग अधिक उपयुक्त आहे.

फाइलचे नाव देवनागरीत असल्यास पत्ता लांबतो. ‘नकाशा’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १५ बाइट होतात आणि टक्केचिन्ह-सांकेतिकतेत लिहिल्यास ४५ अक्षरे. आणखी सूक्ष्म अडचण ‘ऱ’ या अक्षराची आहे. ‘किनाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांत येणारे हे चिन्ह युनिकोडमध्ये एकसंधही लिहिता येते आणि ‘र’ व नुक्ता या जोडीनेही. दोन्ही सममूल्य मानली जातात, मात्र त्यांचे बाइट वेगळे असतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नावे विघटित रूपात साठवत असे, तर लिनक्सवरील फाइलप्रणाली सामान्यतः नाव जसे दिले तसे ठेवतात. त्यामुळे एका संगणकावर चालणारा दुवा दुसऱ्यावर, डोळ्यांना नाव हुबेहूब दिसत असूनही, फाइल शोधू शकत नाही. म्हणून बसवायच्या फाइलींची नावे रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवणे आणि देवनागरी शीर्षक टिपणात लिहिणे हितावह ठरते.

## मर्यादा

- आयफ्रेमची पूर्वनिर्धारित लांबी-रुंदी ३०० बाय १५० पिक्सेल असते. आतील मजकुरानुसार चौकट आपोआप वाढत नाही. उंची हाताने ठरवावी लागते.
- चौकटीतील मजकूर टिपणाच्या फाइलमध्ये नसल्याने अ‍ॅपच्या शोधात तो सहसा येत नाही आणि टिपणांमधील परस्पर-दुव्यांतही धरला जात नाही.
- सँडबॉक्समधील पानाला ब्राउझरचा स्थानिक साठा वापरता येत नाही. त्यामुळे पानावर केलेल्या खुणा वा भरलेली उत्तरे पुढच्या वेळी टिकत नाहीत.
- टिपण पीडीएफमध्ये काढताना किंवा छापताना चौकटीचा दिसणारा भागच येतो. कधी तोही येत नाही.
- मार्कडाउन टिपण काही केबींचे असते, तर स्वयंपूर्ण एचटीएमएल फाइल अनेक एमबींची. अशा फाइली साठल्यास संग्रहाचे समक्रमण मंदावते.
- जतन केलेल्या पानावर मूळ लेखकाचा हक्क कायम राहतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी वापरासाठी उचित व्यवहाराची मुभा आहे. तेच पान असलेला संग्रह सार्वजनिक करणे ही वेगळी बाब ठरते.

## पर्याय

पानाचा परस्परसंवाद आवश्यक नसेल, तर लेख मार्कडाउनमध्ये रूपांतरित करून ठेवल्यास तो शोधता येतो आणि कोणत्याही अ‍ॅपमध्ये वाचता येतो. पानाची मांडणी महत्त्वाची असेल, तर पीडीएफ पुरतो. परस्परसंवाद हवा असेल, तर टिपणात आलेखाचे स्थिर चित्र, त्याखाली निष्कर्षाच्या दोन ओळी आणि एचटीएमएल फाइलचा साधा दुवा अशी रचना करता येते. दुव्यावर टिचकी दिल्यास पान ब्राउझरमध्ये उघडते. अंतःस्थापन निकामी झाले तरी अशा टिपणाचा अर्थ हरवत नाही. चौकट चालू असताना मात्र ती या रचनेत भर घालते.

## हे सुद्धा पहा

- मार्कडाउन
- ऑब्सिडियन
- टिडलीविकी
- समान-मूळ धोरण
- युनिकोड
- वेब संग्रहण